कवडीचे माहेर

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला आमच्या मुलखात धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत जाणे ज्याला साधत नाही तो नगद नारायणाच्या या गडावर येतो, पायरीवर माथा टेकतो आणि पेरणीची चिंता बरोबर घेऊन आपल्या शिवाराकडे परततो. गडाभोवतीचा हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला. ज्या वर्षी मृगाने आणि आर्द्रेने दगा दिला त्या वर्षी टँकरमागे घागरींची रांग लागते आणि दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर. आमच्या पिढीतील पुष्कळांनी तो चाळिशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता.

पण विचार करू लागलो म्हणजे ध्यानात येते की, समुद्राला जाण्यापूर्वी समुद्रच आमच्या घरी आलेला होता. देव्हाऱ्यात शंख होता, तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, मंगळाच्या शांतीसाठी कोणाच्या तरी अंगठीत पोवळे बसवलेले होते, वैद्याच्या पुडीत समुद्रफेन होते आणि आठवडी बाजारात सुकट होती. यांपैकी पोवळे बहुधा दूरच्या भूमध्य समुद्रातले. समुद्रफेन म्हणजे समुद्राचा फेस नव्हे, तर म्हाकुलाच्या जातकुळीतील एका प्राण्याच्या पाठीतले हलके कवच. आणि कवडी म्हणजे गोगलगाईच्या दूरच्या बहिणीचे रिकामे घर. हे सारे आम्ही पवित्र मानले, औषधी मानले, प्रसंगी खाल्ले. परंतु त्यातील एकही वस्तू जिवंत असताना कशी दिसते, कशी चालते, काय खाते, याची कल्पना गावात कोणालाही नव्हती. समुद्राचे आम्हाला जे दर्शन घडले ते त्याच्या कलेवरांचे. आणि भाषेने तर कवडीवर अधिकच अन्याय केला: कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक असे शब्द घडवून तिला तुच्छतेची खूण करून टाकले.

ही कवडी जिवंत पाहण्याचा योग मला मालदीवमध्ये नौकेवरच मुक्काम ठोकून केलेल्या एका प्रवासात आला. या प्रकाराला इंग्रजी शब्दावरूनच सर्वत्र 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. त्याची कैफियत सर्वसामान्य वाचकापुढे मांडावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

किनाऱ्यावर राहून, सकाळी होडीने जाऊन, एक-दोन बुड्या मारून दुपारी परतणे हा स्कूबाचा, म्हणजे हवेचे सिलिंडर पाठीला बांधून मारायच्या बुड्यांचा, नित्याचा क्रम. पण प्रवाळाच्या उत्तम वसाहती पुष्कळदा किनाऱ्यापासून इतक्या दूर असतात की, जाण्यायेण्यातच दिवस सरतो. तेव्हा झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, हवेचे सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर आणि खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र अशा सर्व सरंजामासह नौकाच समुद्रात न्यायची आणि आठवडाभर तिच्यावरच राहून रोज तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे, अशी ही तजवीज. या प्रकाराला जगात लोकप्रियता मिळण्यामागे फ्रेंच दर्यावर्दी जाक-ईव्ह कूस्तो यांचा वाटा मोठा आहे. १९४३ साली त्यांनी एमिल गान्यां या अभियंत्याच्या साहाय्याने पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा पुरवणारे उपकरण सिद्ध केले, १९५० साली 'कॅलिप्सो' नावाची जुनी नौका मिळवली आणि तीच घर, प्रयोगशाळा व चित्रशाळा करून समुद्र पालथे घातले. आज मालदीव, तांबडा समुद्र, इंडोनेशिया येथे अशा नौकांचे मोठे व्यवसाय आहेत; आपल्या देशात अंदमानात त्या थोड्याफार आहेत.

पाण्याखाली श्वास घेणे ही गोष्ट ऐकणाऱ्याला भयंकर वाटते. पण ज्याने खोल विहिरीत सूर मारला आहे त्याला तिचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक असते. लहानपणी पाठीला वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधून आम्ही पोहायला शिकलो, आणि सांगड सुटल्यावर पहिली परीक्षा असे ती तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवण्याची. तळाकडे जाताना कानांत जी कळ येई तो वाढत्या दाबाचा परिणाम. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो; म्हणजे १० मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट. सिलिंडरात प्राणवायू भरलेला असतो हा लोकांचा गैरसमज आहे. तेथे तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा, फक्त सुमारे २०० पट दाबलेली असते. ११ लिटरच्या सिलिंडरात अशी सुमारे २२०० लिटर हवा मावते. शांतपणे श्वसन करणाऱ्याला पृष्ठभागाजवळ ती दीड तासावर पुरेल. पण ३० मीटरवर प्रत्येक श्वासात चौपट हवा जात असल्यामुळे तीच अर्ध्या तासात संपते. म्हणून या विद्येत बळापेक्षा चित्ताच्या स्वास्थ्याला महत्त्व अधिक. जो घाबरतो त्याची हवा आधी सरते.

पहिला नियम असा की, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कारण वर येताना छातीतील हवा प्रसरण पावते आणि तिला वाट न मिळाल्यास फुप्फुसाला इजा होते. दुसरा असा की, वर येणे सावकाश असावे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि सांधे, मज्जारज्जू यांवर आघात करतो. म्हणूनच पृष्ठभागाखाली ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे, आणि म्हणूनच अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये असा सल्ला देतात. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्याला १८ मीटरची मर्यादा. हौशी बुडीची परमावधी ४० मीटर. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ माझी पहिली बुडी झाली ती मात्र ८-१० मीटरहून खोल नव्हती. शिकवणारा मालवणी मुलगा माझा दंड धरून होता, आणि तो सबंध वेळ मी केवळ माझ्याच श्वासाचा आवाज ऐकत होतो. मासे पाहण्याचे भान दुसऱ्या दिवशी आले.

मालदीवच्या नौकेवरील दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होई. चहा होतो न होतो तोच मार्गदर्शक फळ्यावर खडूने त्या दिवसाच्या प्रवाळखडकाचा नकाशा काढी: प्रवाह कोठून वाहतो, भिंत कोठे तुटते, कोठे एकत्र जमायचे, किती हवा उरली की खूण करायची. मग जोड्या ठरत. पाण्याखाली प्रत्येकाचा एक सोबती असतो आणि परस्परांचे उपकरण तपासल्याखेरीज कोणी उडी घेत नाही. मुख्य नौका खोल पाण्यात उभी राही आणि धोणी नावाच्या लहान होडीतून आम्ही खडकाजवळ जात असू. दोन बुड्या दुपारच्या जेवणापूर्वी, एक नंतर आणि एखाद्या रात्री चौथी, विजेऱ्या घेऊन. मधल्या वेळात झोप, वह्यांतील नोंदी आणि कॅमेऱ्यांची निगा.

एक गोष्ट मला त्या नौकेवर फार ओळखीची वाटली. चोहीकडे क्षितिजापर्यंत पाणी, पण अंग धुवायला मोजून. गोडे पाणी यंत्राने कष्टाने तयार होई आणि तांड्याच्या वस्तीवरील रांजणाप्रमाणे त्याच्यावर सर्वांची नजर असे. पुण्या-मुंबईच्या सहप्रवाशांना याची सवय व्हायला दोन दिवस लागले. आमच्या तालुक्यातील कोणत्याही माणसाला हा हिशेब पहिल्या तांब्यापासून समजला असता.

मालदीव हा सुमारे १२०० बेटांचा देश, आणि ही सर्व बेटे प्रवाळाने घडवलेली आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. चुन्याच्या वाटीत राहणारा, मोहरीएवढा किंवा थोडा मोठा मऊ प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानाला देते आणि यजमान त्याला आश्रय देतो. पाणी अधिक तापले की हा संसार मोडतो, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ आणि २०१६ या दोन वर्षांत लक्षद्वीप व मालदीव येथे हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वाढत राहतो आणि शेवटी मध्ये सरोवर असलेले कडे तेवढे उरते, हा सिद्धान्त चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडला होता. त्या कड्याच्या आतल्या बाजूला तरंगत असताना, कोट्यवधी मृत जीवांच्या अस्थींवर जिवंतांची ही वस्ती उभी आहे याची जाणीव होते आणि हात-पाय आपोआप आवरते घेतले जातात.

तिसऱ्या रात्रीच्या बुडीत, सुमारे ६ मीटर खोलीवर, एका खडकाच्या कपारीत मार्गदर्शकाने विजेरीचा झोत धरला आणि बोटाने जवळ बोलावले. आधी मला केवळ करड्या-काळ्या रेघांचा, मखमलीसारखा एक गोळा दिसला. त्यावर बारीक केसांसारखे कोंब होते आणि पुढे दोन इवलीशी शिंगे हलत होती. गोळा सरकत होता, पण इतका सावकाश की सरकतो हे समजायला त्याच्याकडे एकटक पाहावे लागे. उजेड काही क्षण तसाच राहिला, तेव्हा पाठीवरची मखमल मधोमध दुभंगली, दोन्ही बाजूंनी पडद्यासारखी खाली ओढली गेली, आणि तिच्यातून पिवळसर, तुळतुळीत, दिव्याच्या प्रकाशात ओली चमकणारी कवडी बाहेर आली. तीच, आराध्यांच्या माळेतली. कवडीला जी झळाळी असते ती या मांसल आवरणाची करणी आहे; जिवंत असेतो ते शिंपल्यावर नवा नवा थर चढवीत असते आणि खरवड पडू देत नाही. ती दिवसा दगडाखाली लपते आणि रात्री चरते. तिच्या जिवंतपणी तिची पाठ क्वचितच उघडी दिसते, म्हणजे आम्ही आयुष्यभर पाहिली ती कवडी वस्त्रे हिरावून घेतलेली होती.

या कवड्यांचा इतिहास मोठा आहे. मध्ययुगात मालदीवच्या कवड्या गलबते भरून बंगालला जात आणि मोबदल्यात तांदूळ येई. अनेक मुलखांत त्या नाणे म्हणून चालत. इब्न बतूता चौदाव्या शतकात या बेटांवर काझी म्हणून राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, समुद्रातून काढलेल्या कवड्या खड्ड्यांत ठेवीत आणि मांस नष्ट होऊन पांढरे शिंपले उरले की व्यापाराला काढीत.

आता छायाचित्रणाकडे वळतो. माझ्या मते या सर्व खटाटोपाचे खरे फळ तेथे आहे. पाण्याखालचे छायाचित्र ही नवी गोष्ट नाही: १८५६ साली विल्यम टॉम्पसन यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पेटीतला कॅमेरा दोरीने खाली सोडून चित्र मिळवले होते, आणि १८९३ पासून फ्रान्सच्या दक्षिणेला लुई बूतां स्वतः पाणबुड्याच्या पोशाखात उतरून चित्रे घेऊ लागले. अडचणी मात्र तेव्हा होत्या त्याच आजही आहेत. पाणी प्रथम तांबडा रंग गिळते, मग नारिंगी, मग पिवळा. १० मीटरवर कुंकवाची डबी उघडली तर ती काळपट करडी दिसेल. म्हणून रंग हवा असेल तर दिवा स्वतः न्यावा लागतो. पाण्यात तरंगणारे कण त्या दिव्यात हिमवर्षावासारखे चमकतात, म्हणून दिवे कॅमेऱ्याला लगटून नव्हे तर बाजूंना लांब हातांवर धरतात. काचेतून वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते, आणि जवळही. या सर्वांचा इलाज एकच: विषय आणि कॅमेरा यांच्यामधील पाणी कमी करणे, म्हणजे जवळ जाणे. आणि जवळ जाणे म्हणजे पाठलाग नव्हे; मासा आपण होऊन जवळ येईपर्यंत स्थिर राहणे.

कॅमेरा ज्या जलरोधक पेटीत बसवतात तिच्या कडेला रबराचे एक बारीक कडे असते. ते रोज काढून पुसायचे, सिलिकॉनचे किंचित वंगण लावायचे, उजेडात फिरवून पाहायचे. माझ्या सहप्रवाशाच्या कड्यावर एके दिवशी टॉवेलचा एक धागा राहिला. २० मीटरवर पेटीत पाणी शिरले, आणि तीन वर्षे साठवलेल्या पैशाचे ते यंत्र त्याने वर येताना दोन्ही हातांत मृत पाखरासारखे धरले होते. नौकेवर त्या संध्याकाळी कोणी फार बोलले नाही.

तथापि याहून गंभीर अपराध छायाचित्रकाराच्या हातून घडतो तो निराळाच. चौकट साधण्याच्या भरात गुडघा प्रवाळावर टेकतो, पायाच्या पंखाचा फटका बसतो आणि जी फांदी वाढायला वर्षे लागली ती क्षणात मोडते. असे घडताना मी पाहिले आहे. ज्याला पाण्यात निश्चल तरंगता येत नाही त्याने कॅमेरा हाती घेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

छायाचित्रणाची विधायक बाजूही तितकीच खरी आहे. मँटा नावाचे प्रचंड पाकट, पंखांसह तीन-साडेतीन मीटर रुंद, जेव्हा आपल्या डोक्यावरून निःशब्द निघून जाते तेव्हा त्याच्या पोटावर काळे डाग दिसतात. हे डाग प्रत्येकाचे वेगळे, जन्मभर न बदलणारे. म्हणून हौशी प्रवाशाने घेतलेले पोटाचे एक चित्र संशोधकाच्या दप्तरात नोंदीसारखे उपयोगी पडते. व्हेल शार्क या महाकाय व निरुपद्रवी मुशीच्या कल्ल्यांमागील ठिपके ओळखण्यासाठी तर खगोलशास्त्रज्ञांनी तारकापुंज जुळवण्याकरिता रचलेली गणितपद्धती वापरतात. एका चित्राने एक प्राणी ओळखला जातो, दुसऱ्या वर्षीच्या चित्राने तो जिवंत असल्याचे कळते, आणि हे सर्व त्याला हात न लावता. विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत आणून दाखवावा लागे. येथे पुरावा आणता येतो आणि तळ जसाच्या तसा राहतो.

मराठी वाचकाला हे सारे परमुलखातले वाटू नये. आपल्याच किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले; त्याचा गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे रीतसर प्रशिक्षण देणारी संस्था उभारली. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरची मुले आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. अभयारण्याच्या बंधनांविषयी मच्छीमारांच्या मनात साशंकता होती आणि ती समजून घेण्याजोगी आहे. किनाऱ्याचे संरक्षण किनाऱ्याच्या माणसाला बाजूला सारून टिकत नाही.

आणि याहून मोठे वैभव आहे ते दृष्टीआड. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे: दक्षिणोत्तर सुमारे ४० किलोमीटर, रुंदी सुमारे १५ किलोमीटर, माथा पाण्याखाली अवघा २० मीटरच्या आसपास. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते अंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्याहून जवळजवळ १२० मीटर खाली होती; तेव्हा हे पठार उघड्यावर असणार. आज त्यावर प्रवाळ आहे, आणि सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. एवढ्या अंतरावर सकाळी जाऊन सायंकाळी परतता येत नाही. अंग्रियाचा अभ्यास करायचा तर नौकेवरच मुक्काम करावा लागतो. म्हणजे लिव्हअबोर्ड हा केवळ श्रीमंतांचा विलास नाही, महाराष्ट्राला अंग्रियाचे प्रवाळ पाहण्याचा तोच एक मार्ग आहे.

अंग्रियाच्या रक्षणाचा विचार केला की सरहद्दीचा प्रश्न येतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र. अंग्रिया त्याच्या फार पलीकडे, २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात. म्हणून किनाऱ्यालगतच्या अभयारण्याचा जाबता तेथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. मात्र १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यान्वये अशा जागेला खास नियुक्त क्षेत्र म्हणून जाहीर करून तेथील संपत्तीच्या रक्षणाची व्यवस्था करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळ व व्हेल शार्क यांचा समावेश झाला, त्याच आस्थेने हा अधिकारही वापरला जावा.

परत आल्यावर कवडीचे ते छायाचित्र मी मोठे करून गावी नेले. गडावर यात्रेला आलेल्या एका वृद्ध आराधी मावशींना दाखवले. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरले, मग गळ्यातल्या माळेतील एक कवडी बोटांत घेतली आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

"म्हणजी ही जित्ती असती का लेकरा?"

"हो मावशी. रात्री चरायला निघते."

"आन् हे काय, लुगडं हाय का तिचं?"

"तसंच म्हणा. अंगावर ओढून घेते."

त्यांनी चित्राला हात लावून तो कपाळाला लावला आणि ते परत दिले.

पावसाळा संपला की मालवणचे पाणी पुन्हा खुले होते. वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य जावे; आधी आपल्या गावच्या विहिरीत पोहायला शिकावे, मग संस्थेत रीतसर प्रशिक्षण घ्यावे आणि नंतर लांबच्या नौकेचा बेत करावा. येताना तळावरची रिकामी कवडीसुद्धा उचलू नये. अशा रिकाम्या शिंपल्यांत शंखखेकडे राहतात, आणि अंग वाढले की त्यांना मोठे घर शोधावे लागते.